आर्नोकाठचा ‘इंदियानो’

आपल्याकडून इटलीला जाणाऱ्या सहलींचा मार्ग आता ठरून गेलेला आहे. रोमला कलोसियम आणि व्हॅटिकन, पिसाला कलता मनोरा (आणि त्याला तळहाताने टेकू दिल्याचा फोटो), व्हेनिसला होडीतली फेरी आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्सच्या वाट्याला फार तर एक दिवस येतो. मोठ्या घुमटाचे कॅथीड्रल, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, पोंते वेक्यो हा दुकाने असलेला जुना पूल, एवढे झाले की बस पुढच्या गावाला लागते. कोल्हापूरची माणसेही अशीच जातात आणि अशीच परत येतात. त्याच शहराच्या पश्चिम अंगाला, नदीच्या कडेने पसरलेल्या एका लांबलचक उद्यानाच्या अगदी टोकाशी, कोल्हापूरच्या छत्रपतींचा पुतळा दीडशे वर्षे छत्रीखाली बसून आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

नदीचे नाव आर्नो. उद्यानाचे नाव काशीने. इटालियन भाषेत या शब्दाचा उच्चार असाच होतो आणि मराठी कानाला त्यात ‘काशी’ ऐकू येते. हा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे. तिकडे ‘काशीना’ म्हणजे गाईगुरांचा गोठा, दूधदुभत्याची जागा. मेदिची घराण्याच्या काळी इथे त्यांची गुरे आणि शिकारीचे रान होते. पुढे ते सार्वजनिक उद्यान झाले. या उद्यानाच्या शेवटी मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर १ डिसेंबर १८७० च्या पहाटे राजाराम महाराजांचे दहन झाले.

इथे थोडे थांबून कोणते राजाराम ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या कोल्हापुरात या नावाची फार गर्दी आहे. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, ताराराणींचे पती, ते पहिले. राजारामपुरी ज्यांच्या नावाने वसली ते शाहू महाराजांचे चिरंजीव, १९४० मध्ये वारले. मधले, म्हणजे आपल्या लेखातले, यांचे नाव राजाराम कॉलेजला आहे. पण त्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या दहा जणांना विचारले तर आठ जण बाकीच्या दोघांपैकी एकाचे नाव सांगतात. कॉलेज १८८० सालचे आहे. त्या वेळी शाहू महाराज सहा वर्षांचे होते, एवढे हिशेबात घेतले तरी उलगडा व्हायला हवा.

हे मधले राजाराम १३ एप्रिल १८५० रोजी पाटणकर घराण्यात जन्मले. नाव नागोजीराव. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज (बाबासाहेब) हे त्यांचे मामा. त्यांना पुत्र नव्हता. ऑगस्ट १८६६ मध्ये अखेरच्या आजारात त्यांनी भाच्याला दत्तक घेतले. वाचायला ही घरगुती गोष्ट वाटते, पण त्या पिढीच्या मराठा संस्थानिकाला दत्तक या शब्दाचा अर्थ नीट माहीत होता. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून साताऱ्याची गादी खालसा केलेली होती. कोल्हापूरला दत्तकाचा हक्क १८५७ नंतरच्या बदललेल्या धोरणात मिळाला. म्हणजे नागोजीराव गादीवर आले ते साताऱ्याला जे नाकारले गेले होते त्या वाटेने.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर १८५७ च्या उठावाशी संबंध असल्याचा ठपका आला आणि त्यांना कराचीला नेऊन स्थानबद्ध केले गेले. तिथेच १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या राजघराण्यातला एक पुरुष कैदी म्हणून घरापासून शेकडो कोस दूर मरण पावला आणि पुढच्याच वर्षी त्याच घराण्यातला दुसरा पुरुष सरकारचा पाहुणा म्हणून विलायतेला निघाला. या दोन प्रवासांचा विचार मी नेहमी जोडूनच करतो. ब्रिटिशांना कोल्हापूरच्या गादीवर कोण हवे होते आणि कोण नको होते, ते या दोन वर्षांत स्पष्ट दिसते.

राजाराम महाराज त्यांना हवे असलेल्यांतले होते. त्यांचे शिक्षण पारशी शिक्षक जमशेदजी नवरोजी उनवाला यांच्या हाताखाली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झाले. इंग्रजी चांगले येत होते. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे पोलिटिकल खात्यातले अधिकारी होते. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्येच खुला झाला होता, आणि १८७० च्या उन्हाळ्यात मंडळी मुंबईहून निघाली.

समुद्र ओलांडणे हे त्या काळी साधे पाऊल नव्हते. तेव्हा गादीवर असलेल्या हिंदू राजांनी युरोपला जाण्याची रूढीच नव्हती. जाणाऱ्या पहिल्यावहिल्यांत राजाराम महाराजांची गणना होते. पुढे वीस वर्षांनी पुण्यात मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतल्यावरून केवढे रण माजले आणि प्रायश्चित्ताचे किती कागद रंगले, हे आठवावे. म्हणजे १८७० मध्ये कोल्हापूरच्या वाड्यात काय कुजबुज झाली असेल याचा अंदाज येतो. बरोबर ब्राह्मण, स्वयंपाकी, सेवक असा परिवार होता. धर्म राखून प्रवास करायचा, अशी ती तडजोड. हीच माणसे पुढे फ्लॉरेन्सच्या नदीकाठी उपयोगी पडली.

लंडनमधला काळ महाराजांनी रोजनिशीत टिपला आहे. ती इंग्रजीत आहे आणि वेस्ट यांनी संपादून १८७२ मध्ये लंडनच्या स्मिथ, एल्डर कंपनीकडून छापून घेतली. राणी व्हिक्टोरियाची भेट, पार्लमेंट, नाटके, मेजवान्या, पाहण्यासारखी ठिकाणे. नोंदी लहान आहेत. आज अमुक पाहिले, अमुक भेटले, परत आलो. प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेतले तर निराशा होते. भावनेचा फुलोरा कुठेही नाही. पण वीस वर्षांच्या, कुणाच्या तरी देखरेखीखाली वावरणाऱ्या मुलाची वही म्हणून वाचली तर त्या कोरडेपणातच बरेच सापडते. ही वही दुसरे कोणी वाचणार आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे, असे मला वाटते. पार्लमेंटमध्ये बसून काय वाटले, हे आपल्या पोलिटिकल अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढून जाणाऱ्या वहीत कोणता संस्थानिक मोकळेपणाने लिहील?

भेटी मात्र अर्थपूर्ण आहेत. दादाभाई नौरोजी त्या काळी लंडनमध्ये होते. हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते याची मांडणी त्यांनी सुरू केलेली होती. महाराजांची त्यांच्याशी भेट झाली. पंजाबच्या गादीवरून दहाव्या वर्षी उतरवलेले आणि नंतर इंग्लंडलाच राहिलेले दुलीपसिंग यांच्याशीही झाली. एकाकडे राज्य होते पण अधिकार अजून हाती यायचा होता, दुसऱ्याकडे राज्यच उरले नव्हते. त्याच उन्हाळ्यात पार्लमेंटमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा चर्चेत होता, तो ऑगस्टमध्ये मंजूरही झाला. कोल्हापुरात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केला. या दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. मी तो जोडत नाही, पण तारखा शेजारी ठेवायला हरकत नाही.

परतीचा मार्ग युद्धाने ठरवला. जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, सप्टेंबरमध्ये पॅरिसला वेढा पडला. पॅरिस पाहून फ्रान्समधून खाली उतरण्याची नेहमीची वाट बंद. म्हणून मंडळी बेल्जियम, जर्मनी करीत आल्प्सकडे निघाली. ऋतू हिवाळ्याकडे झुकलेला होता. टिरोल प्रांतातल्या इन्सब्रुकपर्यंत महाराजांची प्रकृती फारच बिघडली. तिथून डोंगर ओलांडून इटलीत उतरायचे, इटलीतून घरचा रस्ता धरायचा, असा बेत होता. फ्लॉरेन्सला पोहोचले ते आजारी माणूस म्हणून. मुक्काम नदीकाठच्या होतेल देल्ला पाचे या हॉटेलात होता. ‘पाचे’ म्हणजे शांती.

हॉटेल ज्या चौकात होते त्याला तेव्हा पियात्सा मानीन म्हणत, आता ओन्यिस्सांती म्हणतात. चौकात त्याच नावाचे चर्च आहे. त्या चर्चमध्ये बोत्तिचेल्ली हा चित्रकार पुरलेला आहे आणि अमेरिगो वेस्पुची याच्या घराण्याची जागा आहे. अमेरिकेला ज्याचे नाव पडले तो हा अमेरिगो. युरोपच्या दर्यावर्द्यांनी भलत्याच किनाऱ्यावरच्या माणसांना ‘इंडियन’ म्हणायची सवय लावली, त्या गोंधळाशी याच्या नावाचा जवळचा संबंध आहे. त्याच्या घरच्या चर्चसमोर एक खराखुरा हिंदुस्थानी राजा अंथरुणाला खिळून होता. जगभरचे लोक जे शहर पाहायला येतात ते त्यांच्या खिडकीबाहेर होते. पाहण्याची ताकद उरली नव्हती. ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराज वारले. वय वीस वर्षे, साडेसात महिने.

फ्लॉरेन्स त्या वेळी साधे गाव नव्हते. १८६५ पासून ती नव्या इटली राज्याची राजधानी होती. सप्टेंबर १८७० मध्ये इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि पुढच्या वर्षी राजधानी तिकडे हलली. म्हणजे महाराज वारले ते राजधानी म्हणून फ्लॉरेन्सच्या शेवटच्या महिन्यांत. याचा एक व्यावहारिक फायदा झाला. ब्रिटनचे वकील सर ऑगस्टस पॅजेट तिथेच होते, मंत्रीही तिथेच. प्रेत जाळायला इटलीत मुभा नव्हती. ख्रिस्ती धर्म पुरण्याचा, आणि आरोग्याचे नियमही त्याच धोरणाचे. बरोबरच्या मंडळींनी मागणी केली ती स्पष्ट होती. दहन होईल, आणि दोन नद्यांच्या संगमावर होईल. वकिलातीने शब्द टाकला. शहराचे महापौर उबाल्दिनो पेरुझ्झी होते. नगरपालिकेने परवानगी दिली.

संगमाचा आग्रह कुठून आला हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. आमची पंचगंगाच मुळी संगमातून जन्मते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, यांचे पाणी जिथे एकत्र येते त्या चिखलीला आम्ही प्रयाग म्हणतो. छत्रपतींच्या छत्र्या आणि समाधीमंदिरे पंचगंगेच्या घाटावरच आहेत. तिकडच्या परक्या शहरात, भाषा येत नसताना, हाताशी काही तासांचा वेळ असताना, या माणसांनी आर्नोला कोणती नदी कुठे मिळते याची चौकशी केली. तिथे पुण्यक्षेत्र नव्हते. पण दोन पाणी एकत्र येत होते आणि तेवढे त्यांना पुरले. शास्त्र ठाम धरायचे आणि भूगोल मिळेल तो घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

रात्रीच्या अंधारात मिरवणूक हॉटेलातून निघाली आणि उद्यानाच्या टोकाशी गेली. चिता रचली गेली. थंडीची रात्र असूनही बघ्यांची गर्दी होती. वर्तमानपत्रांनी या प्रसंगाची वर्णने छापली. चिता सकाळ उजाडून वर येईपर्यंत जळत होती. अस्थी गंगेत सोडण्यासाठी जपून घेतल्या गेल्या.

या प्रसंगाबद्दल आपल्याकडे दोन प्रकारचे बोलले जाते. पहिला, ‘युरोपातले हे पहिले दहन’. ते खरे नाही. इटलीच्याच किनाऱ्यावर, व्हियारेज्जो या समुद्रकाठच्या गावी, ऑगस्ट १८२२ मध्ये इंग्रज कवी शेली याचा देह वाळूवर जाळला होता. त्याची नाव जुलैमध्ये वादळात बुडाली, देह किनाऱ्याला लागला, आणि साथीच्या रोगांसाठी केलेल्या कायद्याप्रमाणे समुद्राने बाहेर टाकलेले प्रेत तसे हलवता येत नसे. बायरन तिथे हजर होता. आज व्हियारेज्जोला हवा खायला जाणाऱ्या प्रवाशाला शेलीच्या नावाचा चौक दाखवतात. मौजेची गोष्ट म्हणजे याच शेलीने पश्चिमवाऱ्यावरची आपली प्रसिद्ध कविता १८१९ मध्ये फ्लॉरेन्सजवळ आर्नोकाठच्या रानात रचल्याचे स्वतः नोंदवून ठेवले आहे, आणि ते रान काशीनेचे मानले जाते. ज्या झाडीतून कवी हिंडला त्याच झाडीच्या टोकाशी पन्नास वर्षांनी कोल्हापूरच्या राजाची चिता जळली.

दुसरे म्हणजे, ‘साहेबाने मोठ्या मनाने परवानगी दिली’. हेही मला अपुरे वाटते. शेलीचे दहन कायद्याच्या सक्तीने झाले, महाराजांचे दहन मागणीने झाले. हा फरक किती मोठा आहे, हे त्याआधी युरोपात वारलेल्या हिंदूंची आठवण केली की कळते. राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, त्यांना पुरले. द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले. त्यांनाही पुरले, केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत. दोघेही कर्तबगार, दोघांनाही इंग्लंडात मोठा मान. तरी जाळणे ही गोष्ट तिथे विचारातही आली नसावी. राजाराम महाराज या दोघांच्या तुलनेत कोवळे पोर होते, त्यांच्या नावावर अजून काही कर्तृत्वही जमा नव्हते. पण त्यांच्या भोवती त्यांची माणसे होती, आणि त्या माणसांना काय करायचे ते माहीत होते. त्यांतल्या एकाचेही नाव स्मारकावर नाही.

काळही थोडा अनुकूल होता. मृतदेह जाळणे स्वच्छतेच्या दृष्टीने बरे, असा विचार इटलीतले शास्त्रज्ञ त्याच सुमारास मांडू लागले होते. पादुआचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी दहनाचे प्रयोग केले आणि १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ते मांडले. ते पाहून लंडनचे शस्त्रवैद्य सर हेन्री थॉम्पसन यांनी १८७४ मध्ये दहनाचा पुरस्कार करणारी संस्था काढली. मिलान शहरात जानेवारी १८७६ मध्ये आल्बेर्तो केलर या व्यापाऱ्याचे दाहिनीत दहन झाले. इंग्लंडात त्यासाठी १८८५ उजाडावे लागले. कोल्हापूरच्या चितेने ही चळवळ सुरू झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र राजधानीच्या शहरात, परवानगीने आणि सर्वांसमक्ष दहन होऊ शकते, हे या वादाच्या आधीच लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

स्मारक उभे राहिले १८७४ मध्ये, चितेच्या जागेजवळ. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, डोक्यावर पगडी, अंगावर दागिने, आणि संगमरवर नुसता पांढरा न ठेवता रंगवलेला. तो घडवला फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने. चौथऱ्यावर इंग्रजी आणि इटालियनबरोबर भारतीय लिपीतही मजकूर कोरला आहे. वरच्या छत्रीची कल्पना मेजर चार्ल्स मँट यांची.

हे नाव वाचून कोल्हापूरच्या वाचकाने जागे व्हायला हवे. आमच्या शहराचा चेहरा या एका माणसाने घडवला. टाऊन हॉल मँट यांचा. आज सीपीआर म्हणून ओळखले जाणारे इस्पितळ मँट यांचे. काळ्या दगडातला, घड्याळाच्या मनोऱ्याचा नवा राजवाडा मँट यांचाच. त्याचे काम १८७७ ते १८८४ चालले आणि ते पुरे होण्याआधीच, १८८१ मध्ये, मँट वारले. राजपूत छत्र्या, मुसलमानी कमानी आणि विलायती मांडणी एकत्र करण्याची जी पद्धत आपण नव्या राजवाड्यावर पाहतो, तिचा एक छोटा नमुना राजवाड्याचा पाया घालण्याआधी तीन वर्षे आर्नोच्या काठी उभा होता. ज्यांना फ्लॉरेन्सला जाणे शक्य नाही त्यांनी नव्या राजवाड्याच्या गच्चीवरच्या छत्र्यांकडे मान वर करून पाहावे. हात तोच आहे.

आपल्याकडे या स्मारकाचा उल्लेख अभिमानाने होतो, ‘परदेशात छत्रपतींचे स्मारक’ असा. अभिमान असावा. पण संशोधकाने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : हे स्मारक कोणाला काय सांगण्यासाठी बांधले? ते आणि वेस्ट यांनी छापलेली रोजनिशी ही जोडीने पाहायची गोष्ट आहे. पुस्तक १८७२ चे, दगड १८७४ चा. इंग्रजी शिकलेला, विलायत पाहिलेला, राणीला भेटलेला हिंदू राजा ही त्या राजवटीला आपल्या शिक्षणाची पावती वाटत होती, आणि ती पावती हरवली म्हणून तिची नक्कल जतन करणे चालले होते. यात वेस्ट यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. एका तरुणाला ते जबाबदारीने घेऊन गेले होते आणि त्याच्या अस्थी परत येत होत्या. माणूस म्हणून ते जड गेलेच असणार. तरी जे उरले ते सगळे इंग्रजी हातातून गाळून आलेले आहे. पुतळा इंग्रजाने घडवला, छत्री इंग्रजाने रेखली, वही इंग्रजाने संपादली. महाराजांचा मराठीतला आवाज यात कुठे ऐकू येत नाही. चितेवर संगम शोधून आणणाऱ्यांची निवड हीच या सगळ्या प्रकरणातली एकमेव अस्सल कोल्हापुरी गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

मागे कोल्हापुरात काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय या मृत्यूचे वजन कळत नाही. १८७१ मध्ये पुन्हा दत्तक झाले. आठ वर्षांचा मुलगा शिवाजी या नावाने गादीवर आला. पुढे त्याला वेडा ठरवले गेले. त्याच्या होणाऱ्या हालांबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने लिहिले, कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. ते ‘कोल्हापूर प्रकरण’ शाळेच्या पुस्तकात असते. ते फ्लॉरेन्सच्या हॉटेलातल्या एका खोलीपासून सुरू होते, हे नसते. २५ डिसेंबर १८८३ रोजी त्या दुर्दैवी राजाचाही अहमदनगरला मृत्यू झाला. मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांकडचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू झाले. अधिकार त्यांच्या हाती एप्रिल १८९४ मध्ये पडला. राजाराम महाराजांच्या हातीही पूर्ण अधिकार आलेले नव्हते. म्हणजे १८६६ ते १८९४ अशी अठ्ठावीस वर्षे कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती होते आणि राज्य करणारा छत्रपती नव्हता. राजाराम महाराज जगते तर शाहू महाराज गादीवर येतेच ना, हेही तितकेच उघड आहे. इतिहासात ‘जर’ लावून बसणाऱ्यांनी दोन्ही पारडी उचलून पाहावीत.

फ्लॉरेन्समध्ये मात्र महाराजांचे नाव टिकले नाही. ‘राजाराम छत्रपती’ हे तिथल्या जिभेला अवघडच. लोक त्यांना नुसते ‘लिंदियानो’ म्हणू लागले, म्हणजे ‘तो हिंदुस्थानी’. मग पुतळ्यावरून ते नाव जागेला पडले. उद्यानाचे टोक म्हणजे इंदियानो, तिथला छोटा चौक इंदियानोचा. १९७८ मध्ये आर्नोवर त्या ठिकाणी पोलादी दोरांनी तोललेला मोठा पूल झाला, त्याचेही नाव ‘पोंते अल्लिंदियानो’, इंदियानोपाशचा पूल. शहराला वळसा घालणाऱ्या मोटारी रोज त्यावरून जातात आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर ते नाव लिहिलेले असते. माणसाचे नाव गेले, त्याची जात, गाव, राज्य सगळे गेले, फक्त देश उरला. गंमत अशी की आपल्याकडेही अशीच नावे पडतात : कुठल्याशा साहेबाची समाधी ‘गोऱ्याचं थडगं’ होते आणि गोरा कोण होता ते कोणी विचारत नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी : फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनापासून ट्राम सुटते. ती काशीनेच्या थांब्यावर सोडते. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे झाडीतून सरळ चालत राहावे. पाऊण तास तरी लागतो, आणि सहलीच्या बसवाल्याकडे तेवढा वेळ नसतो, म्हणून तो दिवस आपला आपण राखून ठेवावा. वाटेत सायकली, धावणारी माणसे, कुत्री फिरवणारे भेटतात. झाडी संपायच्या जागी आधी पुलाचे दोर दिसतात, मग छत्री. तिच्यापलीकडे उजवीकडून मुन्योने येते; पाणी फारसे नसते. ती आर्नोला मिळते आणि आर्नो तिथून पिसावरून समुद्राकडे जाते.